दोन माइक, दोन माणसं आणि एक साधी खोली: आवाज वेगळे करताना आपल्या कानांची युक्ती नेमकी कुठे वापरायची?

दोनकानी:

नमस्कार मंडळी. गेले चार महिने एकाच गोष्टीवर डोकं आपटतोय म्हणून शेवटी इथे लिहितोय, जरा लांबलचक होईल.

आधी कशासाठी ते सांगतो. बाबांना श्रवणयंत्र आहे. समोर बसून एकट्याने बोललं की त्यांना सगळं नीट कळतं, पण घरात चारजण एकदम बोलायला लागले की ते हळूच यंत्र काढून खिशात ठेवतात आणि नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतात. ते बघवत नाही. मी सिग्नल प्रोसेसिंग शिकलोय, त्यामुळे वाटलं आपणच काहीतरी करून बघू.

थर्माकोलचं माणसाच्या मापाचं डोकं घेतलं, दोन्ही कानांच्या जागी छोटे माइक बसवले, ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्डिंग. दोन स्पीकरमधून दोन वेगळ्या माणसांचं बोलणं सोडायचं, एक डावीकडून आणि एक साधारण समोरून. मग ६४ मिलिसेकंदाची विंडो घेऊन एसटीएफटी काढायचा (म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येकात कुठली फ्रिक्वेन्सी किती ते बघायचं), प्रत्येक चौकोनात (एक वेळ आणि एक फ्रिक्वेन्सी) डाव्या-उजव्या माइकमधला फेजचा (लाट किती पुढे-मागे आहे त्याचा) फरक आणि लेव्हलचा फरक मोजायचा, त्यांचा हिस्टोग्राम (कुठला फरक किती वेळा आला त्याचा आलेख) काढायचा, जी दोन शिखरं दिसतील ते दोन माणसं, आणि प्रत्येक चौकोन जवळच्या शिखराला देऊन टाकायचा (चौकोनांच्या या वाटणीलाच मास्क म्हणतात). थोडक्यात डुएट अल्गोरिदम, यिलमाझ आणि रिकार्ड यांचा २००४ चा पेपर आहे तोच. गृहीतक असं की दोन माणसं बोलत असली तरी एका चौकोनात बहुतेक वेळा एकाचाच आवाज जोरात असतो.

भिंती नसलेल्या सिम्युलेशनमध्ये, दोन माइक अगदी जवळजवळ ठेवून, हे इतकं सुंदर चालतं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. पण तोच कोड थर्माकोलच्या डोक्यासकट खऱ्या खोलीत आणला की दोन शिखरांचा एकच पसरट डोंगर होतो आणि मास्क लावून बाहेर येणारा आवाज म्हणजे कोणीतरी पाण्याखालून बोलतंय, मधले शब्द गिळलेत आणि मागे सतत टिणटिण चालू आहे. मी स्वतः त्याच खोलीत त्या डोक्याच्या जागी उभा राहिलो तर मला दोन्ही माणसं आरामात वेगळी ऐकू येतात. एका कानात बोट घातलं की मलाही सगळं मिसळल्यासारखं होतं, म्हणजे दोन कानांचंच काहीतरी काम आहे हे नक्की.

तर प्रश्न असा की माझे कान असं काय करतात जे माझा कोड करत नाही? आणि माणसाच्या ऐकण्याचं मॉडेल यात घालण्यात अर्थ आहे का, की हे सगळं सोडून सरळ न्यूरल नेटवर्क ट्रेन करावं?

---

कानसेन:

प्रश्न छान मांडलाय. मी या विषयात बरीच वर्षं आहे, टप्प्याटप्प्याने सांगतो कारण तुमच्या कोडमध्ये एक नाही, दोन-तीन ठिकाणी पाणी मुरतंय.

पहिलं म्हणजे डुएट मुळात जवळजवळ ठेवलेल्या माइकसाठी आहे. फेजच्या फरकावरून डिले (दोन माइकमधला उशीर) काढायचा तर तो डिले अर्ध्या आवर्तनापेक्षा कमी हवा, नाहीतर फेज गुंडाळली जाते आणि एकाच फेजला तीन-चार डिले बसतात. ८ किलोहर्ट्झपर्यंत गोंधळ नको असेल तर माइकमध्ये साधारण २ सेंटिमीटरच अंतर चालतं, तुमच्या सिम्युलेशनमध्ये तसं असणार म्हणून ते चाललं. आता डोक्याचा हिशोब बघा. त्रिज्या ८.७५ सेंटिमीटर धरली तर अगदी कडेच्या आवाजाला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला सुमारे ६५० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे कडेचा आवाज असेल तर साधारण ७६० हर्ट्झच्या वरच तुमची फेज खोटं बोलायला लागली. तुम्ही वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींचे आकडे त्याच हिस्टोग्राममध्ये ओतताय, मग खोली असो नसो, डोंगर होणारच.

आपले कान यातून कसे सुटतात हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच सांगितलंय: खालच्या फ्रिक्वेन्सीला वेळेचा फरक वापरायचा, वरच्या फ्रिक्वेन्सीला लेव्हलचा. डोक्याची सावली वरच्या फ्रिक्वेन्सीला गडद पडते, २० डीबीपर्यंत फरक जाऊ शकतो, पण ५०० हर्ट्झची लाट डोक्याला वळसा घालून निघून जाते, तिथे लांबच्या आवाजाला लेव्हलचा फरक अगदीच थोडा. आणि साधारण १५०० हर्ट्झच्या वर लाटेच्या आतला बारीक डिले आपल्याला कळतच नाही, तिथे लाटेच्या वरच्या आकाराचा, म्हणजे एन्व्हलपचा डिले कळतो. तेव्हा तुम्हीही एकच हिस्टोग्राम करू नका. प्रत्येक बँडमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) वेळ आणि लेव्हल दोन्ही मिळून बघा. रोमन, वांग आणि ब्राऊन यांनी २००३ मध्ये पुतळ्याच्या डोक्यावर हेच केलं, प्रत्येक बँडला या दोन आकड्यांचा जोडीने नकाशा शिकवला आणि त्यावरून मास्क काढला. फेज गुंडाळल्यामुळे चार उत्तरं आली तर लेव्हल सांगते त्यातलं खरं कुठलं.

आता खोली. हा खरा मुद्दा आहे आणि इथेच माणसाच्या ऐकण्याकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. खोलीत प्रत्येक आवाज आधी सरळ येतो आणि मग भिंती, जमीन, छत यांवर आपटून पुन्हा पुन्हा येतो, दरवेळी वेगळ्या दिशेने. तरी आपल्याला माणूस जिथे आहे तिथूनच ऐकू येतो, कारण मेंदू पहिल्यांदा आलेल्या लाटेवरून दिशा ठरवतो आणि पुढच्या काही मिलिसेकंदात मागून येणाऱ्यांना दिशेच्या बाबतीत मत देऊ देत नाही. वॉलाख, न्यूमन आणि रोझेनझ्वाइग यांनी १९४९ मध्ये हे नीट मोजलं, याला प्रीसीडन्स इफेक्ट म्हणतात. तुमची ६४ मिलिसेकंदाची विंडो नेमकं याच्या उलट करते. सरळ आलेला आवाज आणि त्याची सगळी पिल्लावळ एका टोपलीत घालून सरासरी काढते.

उपाय करून बघायला सोपा आहे. दोन माइकमधला कोहेरन्स मोजा, म्हणजे दोन्हीकडे येणारी लाट किती सारखी आहे ते. फालर आणि मेरिमा यांनी २००४ मध्ये दाखवलं की ज्या क्षणी कोहेरन्स १ च्या अगदी जवळ असतो त्या क्षणी मोजलेला वेळेचा आणि लेव्हलचा फरक हा सहसा एकाच स्रोताचा, सरळ आलेल्या आवाजाचा असतो. बाकीचे क्षण सोडून द्यायचे. साधारण १० मिलिसेकंदाची स्मृती ठेवून कोहेरन्स काढा, ०.९५ च्या वर असेल तरच त्या चौकोनाला हिस्टोग्राममध्ये मत द्या. एक चूक सगळेच करतात ती सांगून ठेवतो: एसटीएफटीच्या एकाच फ्रेमवरून कोहेरन्स काढला तर तो नेहमी बरोब्बर १ येतो आणि आपल्याला वाटतं काय मस्त चाललंय. थोड्या फ्रेम्सची सरासरी काढूनच तो काढावा लागतो, आणि विंडोही लहान घ्या, ८-१० मिलिसेकंदाची.

दिशा शोधायला हे पुरेल. मास्क हा वेगळा विषय.

---

घुबडप्रेमी:

जेफ्रेस मॉडेल वापरायचं ना मग सरळ? दोन्ही कानांच्या सिग्नलला वेगवेगळा उशीर द्यायचा (डिले लाइन) आणि कुठल्या उशिराला ते एकदम पोचतात ते बघायचं (कोइन्सिडन्स), १९४८ पासून आहे. घुबडाच्या मेंदूत तर तशी वायरिंगच सापडली आहे.

---

कानसेन:

घुबडात सापडली हे खरं, गव्हाणी घुबडात प्रत्येक डिलेसाठी वेगळी पेशी असा नकाशाच आहे. पण सस्तन प्राण्यांचं चित्र तसं दिसत नाही. मॅकअल्पाइन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गिनीपिगमध्ये दाखवलं की पेशींना सगळ्यात आवडणारा डिले बऱ्याचदा त्यांच्या डोक्याच्या मापात बसणाऱ्या डिलेपेक्षा मोठाच असतो, म्हणजे दिशा ही एकेका पेशीच्या शिखरावरून न वाचता डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन रुंद गटांच्या तुलनेवरून वाचली जात असावी. वाचायला फार सुंदर आहे ते. पण आवाज वेगळे करण्याच्या कामाला माझ्या मते जेफ्रेससारखा क्रॉस-कोरिलेशनच (एक सिग्नल सरकवत दुसऱ्याशी कुठे जुळतो ते बघणं) बरा, कारण दोन गटांच्या तुलनेतून एका वेळी एकच आकडा बाहेर पडतो आणि दोन माणसं एकदम बोलत असतील तर तो आकडा दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. मेंदूची हुबेहूब नक्कल करायची की त्यातली कामाची गोष्ट उचलायची, हे दरवेळी वेगळं ठरवावं लागतं.

---

पडद्यामागून:

मी श्रवणतज्ज्ञ आहे, यंत्रं बसवण्याचंच काम करते, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने लिहिते.

तुमच्या बाबांचं वाचून थांबले. यंत्र काढून खिशात ठेवणारी माणसं मी रोज बघते आणि घरच्यांना वाटतं त्यांना रस नाही. रस असतो हो, पण त्या गोंगाटात शब्द पकडण्याचे श्रम इतके होतात की माणूस थकून जातो.

वर कानसेन यांनी शेवटी मास्क वेगळा विषय म्हणून सोडून दिलाय, तिथूनच मी सुरू करते कारण मला वाटतं सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. आपण असं धरून चालतो की कान प्रत्येक फ्रिक्वेन्सीत दिशा बघतात, एका दिशेच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी गोळा करतात आणि त्यातून एक माणूस तयार होतो. तुमचा कोड अगदी हेच करतो. पण माणूस असं करत नाही. कलिंग आणि समरफील्ड यांनी १९९५ मध्ये एक अतिशय साधा प्रयोग केला. कुजबुजल्यासारखे स्वर तयार केले, प्रत्येक स्वर म्हणजे आवाजाच्या दोन अरुंद पट्ट्या. एकाच वेळी चार पट्ट्या वाजवल्या, त्यातल्या दोन-दोन मिळून एकेक स्वर होतो. आता कुठली पट्टी कुठल्या जोडीतली हे ओळखायला फक्त वेळेचा फरक ठेवला, दोन पट्ट्या डावीकडे आणि दोन उजवीकडे वाटतील असा. ऐकणाऱ्यांना स्वर ओळखता आले नाहीत! त्याच जोड्या एक पूर्ण डाव्या कानात आणि एक पूर्ण उजव्या कानात दिल्या की ओळखता आले. म्हणजे त्या त्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सी एकत्र बांधायच्या हे ठरवायला मेंदू वेळेचा फरक जवळजवळ वापरतच नाही.

मग बांधतो कशावरून? एकाच सुराच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी एकत्र, एकदम सुरू झालेल्या एकत्र, एकदम थांबलेल्या एकत्र. ब्रेगमन यांच्या १९९० च्या पुस्तकात याचा सगळा पसारा आहे. दिशा येते ती नंतर, आधी बांधलेल्या पूर्ण तुकड्याला एक दिशा मिळते, आणि मग आपण ती दिशा धरून एका शब्दामागून दुसऱ्या शब्दाला, एका वाक्यामागून दुसऱ्या वाक्याला त्याच माणसाशी जोडत राहतो. थोडक्यात, क्षणाक्षणाला कापायचं काम सुराचं आणि काळाच्या ओघात एकाच माणसाचा माग धरून ठेवायचं काम दिशेचं. तुम्ही दिशेला सुरी म्हणून वापरताय, ती मुळात दोरी आहे.

म्हणून माझी सूचना: एकेक चौकोन दिशेवरून वाटू नका. आधी सूर शोधा, त्या सुराच्या पटीतले चौकोन एका गठ्ठ्यात घाला, मग गठ्ठ्यातल्या फक्त विश्वासू चौकोनांना (कानसेन यांनी सांगितलेले) दिशा विचारा आणि पूर्ण गठ्ठा त्या माणसाला द्या. गठ्ठ्यात चाळीस चौकोन असतील आणि त्यातले सहाच खरं बोलत असतील तरी चालतं, तुमच्या पद्धतीत बाकीचे चौतीस खोटं बोलून मोकळे होतात.

दुसरं, यंत्रात वापरायचं असेल तर आत्ताच दोन गोष्टी मनात पक्क्या करा. यंत्रातून जाणारा आवाज आणि बाहेरून थेट कानात शिरणारा आवाज एकत्र मिसळतात, त्यामुळे एकूण उशीर साधारण १० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर स्वतःचं बोलणंच विचित्र ऐकू येतं. ६४ मिलिसेकंदाची विंडो प्रयोगाला ठीक, कानात नाही. आणि वेगळा केलेला आवाज दोन्ही कानात सारखाच देऊन टाकू नका कृपा करून. मग त्या माणसाला कळतच नाही कोण कुठे बसलंय, आणि तुम्ही इतक्या कष्टाने जी दिशा मोजली ती ज्याला हवी होती त्याच्याकडूनच काढून घेतलीत असं होतं. एकच मास्क दोन्ही कानांच्या आवाजाला लावा, म्हणजे डाव्या-उजव्यातला वेळेचा आणि लेव्हलचा फरक जसाच्या तसा राहतो.

---

उतारावरून:

मी नेटवर्कवाला माणूस, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. सरळ ट्रेन करा हे माझं मत आहे पण वरच्या तिघांचं वाचून ते थोडं बदलून लिहितोय.

२०१६ मध्ये डीप क्लस्टरिंग आलं, मग कॉन्व्ह-टॅसनेट (दोन्ही आवाज वेगळे करणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या पद्धती), आणि एकाच माइकवरून, दिशेची काहीही माहिती नसताना, दोन माणसं इतकी स्वच्छ वेगळी व्हायला लागली की दोन माइकची गरजच काय असं बऱ्याच जणांना वाटायला लागलं. यात नवल नाही खरं तर. चेरी यांच्या १९५३ च्या ज्या प्रयोगावरून कॉकटेल पार्टी (गर्दीत एकाचंच बोलणं कसं ऐकतो हा प्रश्न) हा शब्द निघाला त्यात पहिला भाग असाच होता, एकाच माणसाच्या आवाजातले दोन संदेश एकावर एक मिसळलेले आणि दिशा शून्य, तरी लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकून बरंचसं वेगळं काढलं, केवळ भाषा येत होती म्हणून. पण कष्टाने. तेच दोन संदेश दोन कानात वेगवेगळे दिले की काम एकदम सोपं झालं.

एका माइकच्या नेटवर्कचंही तसंच आहे. ज्या डेटासेटवर ते मोठे आकडे येतात त्यात भिंती नाहीत, प्रतिध्वनी नाही, मिश्रण कॉम्प्युटरवर बेरीज करून केलेलं. खोलीत आणलं की घसरतं, दोन सारखे आवाज दिले की मध्येच अदलाबदल होते, पहिल्या माणसाचं वाक्य दुसऱ्याच्या ट्रॅकवर जाऊन संपतं. आणि मुख्य म्हणजे नेटवर्क दोन आवाज हातात देऊन मोकळं होतं, यातला ऐकायचा कोणता हे सांगत नाही. हे दोन्ही प्रश्न नेमके दिशेचे आहेत, पडद्यामागून यांची दोरी मला म्हणूनच पटली.

मी काय करेन सांगतो. फेजच्या फरकाचा साइन आणि कोसाइन (गुंडाळण्याची भानगड त्यामुळे मिटते), लेव्हलचा फरक आणि कोहेरन्स हे नेटवर्कला जादाचे इनपुट म्हणून द्या आणि मास्क त्याला काढू द्या. सूर, एकदम सुरू होणं, एकदम थांबणं हे सगळं ते आपलं आपण शिकतं, हाताने सूर शोधत बसलात तर दोन माणसं एकदम बोलताना सूर शोधणंच मुळात अवघड असतं हे लवकरच कळेल. ट्रेनिंगसाठी खोल्या बनवायला ॲलन आणि बर्कली यांची १९७९ ची इमेज मेथड (भिंतींना आरसे समजून प्रतिध्वनी काढायची पद्धत) आहेच, पायरूमअकूस्टिक्स लायब्ररीत तयार मिळते, फक्त त्यात मोकळे माइक न धरता डोक्याचे इम्पल्स रिस्पॉन्स (प्रत्येक दिशेचा आवाज दोन्ही कानांत कसा पोचतो त्याची मोजणी) लावा. एमआयटीने १९९४ मध्ये केमार (कानांत माइक बसवलेल्या) पुतळ्यावर मोजलेला ७१० दिशांचा संच खुला आहे. नुसत्या मोकळ्या माइकवर शिकलेल्या नेटवर्कला डोक्याची सावली म्हणजे काय हेच माहीत नसतं.

गॅमाटोन फिल्टरबँक वगैरे कानाची हुबेहूब नक्कल मात्र मी सोडून देईन. कॉन्व्ह-टॅसनेटला आपले फिल्टर आपण शिकू दिले तर तेही बहुतेक खालच्या फ्रिक्वेन्सीकडे गर्दी करतात, कानासारखेच.

---

कानसेन:

@उतारावरून इनपुटचं पटलं. पण एक सांगतो, शिकवलेलं नेटवर्क नव्या खोलीत का फसलं हे तुम्हाला सांगता येत नाही, आणि यांनी पहिल्याच प्रश्नात "का" विचारलंय. आधी कोहेरन्सवाला साधा प्रकार हाताने करून बघितला तर निदान बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

@दोनकानी, एक विचारायचं राहिलं. ते डोकं खोलीत नेमकं कुठे ठेवलंय?

---

दोनकानी:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे गायब होतो कारण एकेक गोष्ट करून बघत होतो.

कानसेन, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि टेप घेऊन मोजायला गेलो. डोक्याच्या उजव्या कडेपासून नाही, अगदी मध्यापासून भिंत ५० सेंटिमीटरवर. समोरचा स्पीकर दीड मीटरवर. मग कागदावर मांडलं: भिंतीतला प्रतिबिंब-स्पीकर १ मीटर बाजूला, म्हणजे भिंतीवर आपटून येणारा आवाज १.८० मीटर चालून येतो, सरळ येणारा १.५० मीटर. फरक ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ०.९ मिलिसेकंद! आणि तो येतो उजवीकडून ३४ अंशांवरून. टाळी वाजवून रेकॉर्ड केलं आणि लाट झूम करून बघितली, पहिल्या उंचवट्याला चिकटूनच दुसरा उंचवटा, दोघांमध्ये शांतता अशी नाहीच. इतके दिवस मी त्या लाटेकडे बघितलंच नव्हतं, थेट हिस्टोग्राम बघत होतो.

कोहेरन्सचं केलं, एका फ्रेमवर १ येतो त्या खड्ड्यात मीही पडलो होतो, तुमचं वाचून सावरलो. आता डावं शिखर स्वच्छ आलंय. समोरचं मात्र अजून उजवीकडे सरकलेलं येतं, कोहेरन्सची अट कितीही कडक केली तरी.

---

कानसेन:

सरकणारच, आणि हे कोहेरन्सने सुटणार नाही. साधारण १ मिलिसेकंदाच्या आत आलेली दुसरी लाट आपला मेंदूसुद्धा वेगळी काढत नाही, दोघींची मिळून एक मधली दिशा ऐकू येते. दोन स्पीकरच्या स्टीरिओत गायक मधोमध उभा वाटतो तो याच कारणाने. प्रीसीडन्स त्याच्या पुढे सुरू होतो, बोलण्याच्या बाबतीत मग तो ३०-४० मिलिसेकंदापर्यंत टिकतो. म्हणजे त्या जागी उभे राहून तुम्ही डोळे मिटून बोट दाखवलं असतं तर तुमचंही बोट थोडं उजवीकडेच गेलं असतं. करून बघा हवं तर.

डोकं भिंतीपासून दीड-दोन मीटर लांब न्या आणि मग बोला.

जाता जाता अजून एक. डुर्लाख यांचं १९६३ चं इक्वलायझेशन-कॅन्सलेशन मॉडेल बघा. नको असलेल्या माणसाचा डिले आणि लेव्हल दोन्ही कानात सारखी करायची आणि एकातून दुसरा वजा करायचा, तो माणूस नाहीसा होतो आणि दुसरा उरतो. यामागचा अनुभव हेडफोनवर पाच मिनिटात घेता येतो: दोन्ही कानात अगदी सारखा खरखराट लावा, त्यात ५०० हर्ट्झचा सूर इतका हळू मिसळा की तो जेमतेम बुडेल, आणि आता फक्त एका कानातल्या सुराचं चिन्ह उलटं करा. खरखराट तेवढाच, सूर तेवढाच, तरी सूर टुणकन वर येतो. हा फायदा १५ डीबीच्या आसपास असतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला जिथे लेव्हलच्या फरकाची मदत नाही तिथे ही वजाबाकी मास्कपेक्षा चांगलं काम करते, आणि टिणटिण अजिबात नाही. फक्त एका वेळी एकालाच वजा करता येतं, तिघे असतील तर गाडी अडते.

---

घुबडप्रेमी:

आत्ता हेडफोनवर करून बघितलं. बापरे, खरंच वर येतो. चिन्ह परत सुलट केलं की पुन्हा बुडतो.

---

दोनकानी:

डोकं खोलीच्या मध्ये नेलं. दोन शिखरं! चार महिन्यांत पहिल्यांदा खऱ्या खोलीत दोन वेगळी शिखरं बघितली.

सध्या जे चालू आहे ते असं: ७०० हर्ट्झच्या खाली वजाबाकी, त्याच्या वर उतारावरून यांनी सांगितलेलं छोटं नेटवर्क, साइन-कोसाइन, लेव्हल आणि कोहेरन्स इनपुट देऊन, केमारच्या रिस्पॉन्सवर ट्रेन केलेलं. सूर हाताने शोधायचा प्रयत्न तीन दिवसात सोडला, उतारावरून बरोबर होते. पण गठ्ठ्याची कल्पना सोडली नाही, नेटवर्कने दिलेल्या तुकड्यांना दिशा विचारून माणूस ठरवतो, त्यामुळे अदलाबदल जवळजवळ थांबली. मास्क शून्य किंवा एक असा न ठेवता मऊ ठेवलाय आणि नको असलेला आवाज १० डीबीपेक्षा जास्त दाबतच नाही, टिणटिण तिथेच मिटलं.

काल बाबांना दोन प्रकार ऐकवले, यंत्र काढून मोठे हेडफोन लावून, आवाज त्यांना हवा तेवढा वाढवून. पहिला जुन्या पद्धतीचा, एकच आवाज दोन्ही कानात. दुसरा एकच मास्क दोन्ही कानांना लावलेला, ज्यात दुसरा माणूस मागे हळू ऐकू येत राहतो. मला वाटलं होतं पहिला जास्त स्वच्छ आहे म्हणून तोच आवडेल. दुसरा लावला तसं त्यांनी मान डावीकडे वळवली आणि म्हणाले, "हा इथे बसलाय, आणि तो दुसरा समोर आहे ना?" मग तोच पुन्हा लावायला सांगितला.

पडद्यामागून, मान वळवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हेडफोनवर मान वळली तरी आवाज तिथेच राहतो, पण खऱ्या यंत्रात माइकही मानेबरोबर फिरणार, म्हणजे सगळ्या दिशा एकदम सरकणार. मग माग कसा धरायचा?

---

पडद्यामागून:

त्यांचं ते वाक्य वाचून फार बरं वाटलं.

मान फिरण्याचं म्हणाल तर ते अडचण आणि मदत दोन्ही आहे. आवाज समोरून आहे की मागून हे वेळ आणि लेव्हलच्या फरकावरून कळत नाही, दोन्हीकडे आकडे जवळपास सारखेच येतात. वॉलाख यांनी १९४० मध्येच दाखवलं की माणूस मान थोडी हलवतो आणि फरक कुठल्या बाजूला सरकतो त्यावरून ते ओळखतो. तेव्हा यंत्रात एक छोटा जायरोस्कोप धरा, मान किती वळली तेवढ्याने सगळ्या दिशा उलट्या सरकवा, माग सुटणार नाही आणि पुढचं-मागचंही कळेल. शिवाय माणूस ज्याचं ऐकायचं असतं त्याच्याकडे बहुतेक वेळा तोंड करतो, त्यामुळे कोणाला पुढे आणायचं या प्रश्नाचं अर्धं उत्तर बाबा स्वतःच देतील.

अवघड काम वेगळंच आहे, डाव्या आणि उजव्या यंत्राला एकमेकांशी सतत बोलावं लागेल. पूर्ण आवाज वायरलेसने पाठवत राहिलात तर बॅटरी फार लवकर संपते. सध्या दोन्ही माइकच्या वायरी एका छोट्या डब्यात आणून तो खिशात ठेवा. यंत्र खिशात ठेवायची त्यांना सवय आहेच, या वेळी कानातलं कानात राहील.

---

दोनकानी:

जायरोस्कोपचा छोटा बोर्ड ड्रॉवरमध्ये पडूनच आहे. आज रात्री थर्माकोलच्या डोक्याला चिकटवतो आणि डोकं फिरत्या स्टुलावर ठेवतो. विंडो ८ मिलिसेकंदावर आणून आवाज किती बिघडतो तेही बघायचंय. रेकॉर्डिंग झालं की टाकतो इथे.